शार्कच्या मागे जाऊ नका, त्याला जवळ येऊ द्या

पाण्याखालचा फोटो बिघडवतं ते मधलं पाणी. तुमच्या आणि माशाच्या मध्ये जितकं पाणी जास्त, तितके रंग फिके, तपशील पुसट आणि तरंगत्या कणांचा धुरळा दाट. कॅमेरा कितीही महागाचा असो, सहा-सात मीटरवरचा शार्क निळसर राखाडी ठिपकाच येतो. म्हणून पाण्याखाली फोटो कसे काढायचे असं कुणी विचारलं की मी पहिली गोष्ट सांगते: शार्क असेल तर दीड-दोन मीटर, छोटा मासा असेल तर हातभर अंतर. आणि लगेच दुसरी: पाठलाग करायचा नाही. पोहण्याच्या शर्यतीत शार्क आपल्याला हरवणारच, आणि मागे लागलेल्या माणसाला त्याची शेपटीच दिसते. अंतर कमी करायचं आहे, पण ते कमी करण्याचं काम माशावर सोडायचं आहे.

त्यासाठी आधी कॅमेरा बाजूला ठेवून बॉयन्सी, म्हणजे पाण्यात वर-खाली न होता तरंगत राहणं, पक्की करा. डाइव्हच्या शेवटी, सिलिंडरमध्ये ५० बार दाबाच्या आसपास हवा उरलेली असताना, बीसीडी (हवा भरून तरंगायचं जाकीट) जवळपास रिकामं ठेवून ५ मीटरवर स्थिर राहता आलं तर वजन बरोबर आहे. मग वाळूच्या वर मीटरभर आडवं राहून, हात न हलवता, एकाच जागी थांबायचा सराव करा. फ्रॉग किक (बेडकासारखी पायांची हालचाल) यायलाच हवी, आणि फिन्स उलट्या मारून मागे सरकणंही. प्रवाळापाशी पुढे जाणं सगळ्यांना जमतं. फोटो काढून झाल्यावर काहीही न मोडता मागे येणं फार थोड्यांना जमतं. काही दगडी प्रवाळ वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतात. एक फिन लागली की कित्येक वर्षांची वाढ गेली. हे जमेपर्यंत कॅमेरा किनाऱ्यावरच बरा.

श्वासाबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगते. फोटो हलू नये म्हणून श्वास रोखून धरू नका. स्कूबावर श्वास रोखून थोडंसं वर जाणंही फुप्फुसांना इजा करू शकतं, आणि उथळ पाण्यात हा धोका जास्त असतो. त्याऐवजी श्वास लांब आणि सावकाश सोडा. बुडबुड्यांचा आवाज कमी होतो, शरीर स्थिर राहतं आणि शटर दाबायला चांगला क्षण मिळतो.

आता उजेड. पाणी सगळ्यात आधी लाल रंग खातं. पहिल्या पाच मीटरमध्येच तो बराचसा गेलेला असतो, मग नारिंगी, मग पिवळा. हा हिशोब फक्त खोलीचा नसतो. वरून येणारा उजेड माशावर पडून आडव्या पाण्यातून तुमच्या लेन्सपर्यंत येतो, तेही अंतर यात धरायचं. स्ट्रोबचा, म्हणजे पाण्याखालच्या फ्लॅशचा, उजेड तर जाऊन परत येतो. त्यामुळे दोन मीटरच्या पुढे स्ट्रोबकडून रंगाची फारशी अपेक्षा ठेवू नका. तिथे तो मधले कण तेवढे उजळतो आणि फोटोभर पांढरे ठिपके पडतात. यालाच बॅकस्कॅटर म्हणतात. ते टाळायला स्ट्रोब लांब आर्मवर (दांड्यांवर) दोन्ही बाजूंना पसरवा, डोम पोर्टच्या (लेन्ससमोरच्या घुमटाकार काचेच्या) किंचित मागे ठेवा आणि तोंडं जराशी बाहेर वळवा. माशावर झोताची कड पडली तरी पुरते. लेन्ससमोरचं पाणी शक्य तितकं अंधारात राहिलं पाहिजे.

लेन्स रुंद हवी: फिशआय किंवा वाइड अँगल, डोम पोर्टच्या मागे. सपाट पोर्टमधून सगळं सुमारे एक तृतीयांश मोठं दिसतं, म्हणजे रुंद लेन्सचा रुंदपणाच जातो. डोमची अडचण वेगळी. त्याच्या वक्रतेमुळे कोपरे मऊ येतात, म्हणून अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ८ ते एफ ११ ठेवा. शटर १/१२५ ते १/२००. स्ट्रोब वापरताना कॅमेऱ्याच्या सिंक मर्यादेपलीकडे (फ्लॅशसोबत चालणाऱ्या सर्वाधिक शटर वेगापलीकडे) जाऊ नका, नाहीतर फोटोत काळी पट्टी येते. आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) २०० ते ४०० वरून सुरुवात करा. फाइल रॉच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) हवी. आणि क्रम असा ठेवा: मासा यायच्या आधी रिकाम्या निळ्या पाण्याचा फोटो काढून निळा रंग मनासारखा जमवा, मगच स्ट्रोबची ताकद ठरवा. शार्कची पाठ गडद आणि पोट पांढरं असतं. स्ट्रोब जरा जास्त झाला की पोट जळून कागदासारखं कोरं येतं, आणि ते नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने परत आणता येत नाही. मी नेहमी वाटते त्यापेक्षा एक पायरी कमीच ठेवते.

शार्कची जागा मात्र आधीच निवडावी लागते. प्रवाह जिथून रीफमध्ये (प्रवाळाच्या खडकात) शिरतो तो खोल मार्ग, रीफचा बाहेर आलेला कोपरा, आणि सगळ्यात उत्तम म्हणजे क्लीनिंग स्टेशन. इथे निळ्या-काळ्या पट्ट्यांचे छोटे क्लीनर रास मासे मोठ्या माशांच्या अंगावरचे परजीवी खातात. एरवी सरळ निघून जाणारा शार्क इथे वेग कमी करतो, तीच आपली संधी. स्टेशनच्या मधोमध जाऊन बसू नका. बाजूला, प्रवाळ नसलेल्या मोकळ्या खडकाशेजारी खाली राहा, शरीर थोडं आडवं वळवा आणि हात आत घ्या.

ग्रे रीफ शार्क आला की पहिल्या फेरीला मी कॅमेरा उचलतच नाही. तो लांबून जातो आणि तुमची पाहणी करून घेतो. त्याला खर्जातले आवाज लांबून ऐकू येतात आणि अंगाच्या बाजूच्या संवेदनशील रेषेतून जवळच्या पाण्याची हालचाल कळते, त्यामुळे तुमची गडबड बरेचदा तुम्ही दिसायच्या आधीच त्याच्यापर्यंत पोचलेली असते. शांत राहिलात तर दुसरी फेरी जवळून होते, तिसरी बहुतेक वेळा त्याहून जवळून. आता डोळ्यावर फोकस धरा. तो वळायला लागतो तेव्हा जवळचा छातीचा पर खाली झुकतो, अंगाला बाक येतो, कल्ल्यांच्या फटी एकामागे एक दिसतात आणि डोळा क्षणभर थेट लेन्सकडे असतो. शटर तेव्हा दाबा, आणि एकदोनदाच. कोन त्याच्या पातळीवरचा किंवा किंचित खालचा हवा. वरून काढलेल्या फोटोत त्याची गडद पाठ गडद रीफमध्ये मिसळून जाते. खालून मात्र मागे निळं पाणी मिळतं आणि पूर्ण आकार उठून दिसतो.

याच शार्कची इशारा देण्याची रीत ओळखता आलीच पाहिजे. पाठ कमानीसारखी, तोंडाचं टोक वर, छातीचे पर ताठ खाली, आणि पोहणं अवघडल्यासारखं, अंग नेहमीपेक्षा जास्त फिरवत. हे दृश्य फोटोत देखणं दिसतं, आणि म्हणूनच लोक थांबतात. थांबू नका. फ्लॅश बंद करा, त्याच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे सरका आणि त्याला निसटायला मोकळं पाणी द्या. असा पवित्रा बहुतेक वेळा कोंडी झाली की दिसतो. भिंत आणि डायव्हर यांच्यामध्ये तो सापडता कामा नये.

व्हाइटटिप रीफ शार्क दिवसा कपारीत पडून असतो. तो सोपा वाटतो, पण कपारीचं तोंड अडवून फोटो काढणं मला मान्य नाही, बाजूने काढा. हॅमरहेड बुडबुड्यांना बुजतात, तिथे स्ट्रोब बंद करून नैसर्गिक उजेडात छायाकृती घ्यावी. आमिष टाकून जमवलेल्या शार्कचे फोटो मी काढत नाही. त्यात उघडा जबडा मिळतो, पण त्याचं रोजचं वागणं हरवतं.

शार्क आलेच नाहीत तर रीफकडे वळा. खरं तर सुरुवात तिथूनच करावी. क्लाउनफिशच्या समुद्रफुलाच्या बुडाशी, खडकाच्या सपाट भागावर नीट पाहा. नारिंगी दाण्यांचा पट्टा दिसला तर ती अंडी आहेत, आणि नर त्यांच्यावर परांनी पाणी मारत असतो. दाण्यांमध्ये चंदेरी डोळ्यांच्या जोड्या दिसायला लागल्या की पिल्लं बाहेर पडायची वेळ जवळ आली. मॅक्रो लेन्स, एफ १६च्या आसपास, फोकस त्या डोळ्यांवर. नराच्या फेऱ्या ठरलेल्या असतात. त्याच्या मागे कॅमेरा फिरवू नका, अंड्यांवर फोकस धरून त्याची वाट बघा. तो सारखा तुमच्यावर धावून येत असेल तर तुम्ही फार जवळ आहात. पिग्मी समुद्रघोडा जेमतेम दोन सेंटीमीटरचा. त्याचे मोजके फोटो घ्या आणि निघा. त्याला कॅमेऱ्याकडे वळवायला काडी लावणाऱ्या गाइडला तिथल्या तिथे हाताने नको म्हणून सांगा.

नजर व्ह्यूफाइंडरमध्ये अडकली की हवा आणि खोली दोन्हींचं भान सुटतं. दर दोन-तीन मिनिटांनी गेज बघायची सवय लावा आणि बडीशी (डाइव्हमधल्या जोडीदाराशी) आधीच बोलून ठेवा की फोटोसाठी किती वेळ थांबणार.

हाउसिंगची (कॅमेऱ्याच्या जलरोधक पेटीची) ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवणारं रबरी कडं, हा कंटाळवाणा पण निर्णायक भाग. एक केस अडकला तरी पाणी शिरतं. उजेडात, घाई नसताना, ती काढून बोटांमधून फिरवा आणि सिलिकॉन ग्रीसचा चमक येण्यापुरता हात द्या, जास्त नाही. बरेच दिवस न वापरलेलं हाउसिंग आधी कॅमेऱ्याशिवाय खाली नेऊन आणा. वर आल्यावर गोड्या पाण्यात बुडवून सगळी बटणं दाबा, आणि पूर्ण कोरडं केल्याशिवाय उघडू नका.

व्हेल शार्क दिसला तर एक फोटो संशोधकांसाठी काढा. त्याच्या अंगावरच्या ठिपक्यांची मांडणी प्रत्येकाची वेगळी असते, आणि ती जुळवायला आकाशातले तारे ओळखण्यासाठी बनवलेली पद्धत वापरली जाते. त्यासाठी कल्ल्यांच्या मागचा, छातीच्या पराच्या वरचा भाग हवा, शक्यतो डाव्या बाजूचा, अगदी काटकोनातून. फ्लॅश नको. ऑस्ट्रेलियात निंगालूला शरीरापासून ३ मीटर आणि शेपटीपासून ४ मीटर अंतर राखायचा नियम आहे, तो कुठेही पाळावा. फोटोसोबत तारीख, ठिकाण आणि अंदाजे लांबी लिहून ठेवा. पोटाखालचे क्लास्पर (नराचे प्रजननाचे अवयव) दिसले तर नर हेही नोंदवा.