मधुमेह नवा, चुका जुन्याच : कर्बोदकं कमी करताना काय बिघडतं

रिपोर्ट हातात पडला की पहिल्याच आठवड्यात साखरेचा डबा मागच्या फडताळात जातो, चहा कोरा होतो आणि पोळीच्या जागी भाकरी येते. महिन्याभराने पुन्हा रक्त तपासलं तर आकडा जेमतेम हललेला असतो. मग 'आमच्या घराण्यातच आहे' म्हणून सगळं सोडून दिलं जातं. खरं तर ताटात बदललेलं असतं ते फक्त पिठाचं नाव. पीठ होतं तेवढंच राहतं.

पुढचं सगळं टाइप २ मधुमेहाबद्दल आहे. टाइप १ असेल, गरोदरपण असेल किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय यातलं काहीही सुरू करू नका.

'ज्वारीनं साखर वाढत नाही'

वाढते. ज्वारीत तंतू असतात, पोटही नीट भरतं, हे कबूल. पण पातळ पोळीला साधारण ३० ग्रॅम कणीक लागते आणि त्यातून २० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं (म्हणजे पचल्यावर ज्याची रक्तात साखर होते तो भाग) मिळतात. घरच्या भाकरीला ६० ग्रॅम पीठ सहज जातं, म्हणजे चाळीसेक ग्रॅम कर्बोदकं. 'दोनच भाकऱ्या खाल्ल्या' याचा अर्थ चार पोळ्या झाल्या. नाचणीचंही तसंच. आंबील किंवा खीर बारीक पिठाची, शिजवून पातळ केलेली असते, त्यामुळे ती भाकरीपेक्षाही लवकर रक्तात उतरते.

दिवसाला १३० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदकं असतील तर त्या आहाराला साधारणपणे 'लो-कार्ब' म्हणतात. आता आपला नेहमीचा दिवस मोजा. नाश्त्याला बशीभर पोहे म्हणजे पन्नासेक ग्रॅम. जेवणात तीन पोळ्यांचे ६०, वाटीभर भाताचे ३०, वरणाचे पंधरा-वीस. दुपारचे दोन वाजेपर्यंतच दीडशे ओलांडले, आणि यात गोडाचा कणही नाही. पहिला महिनाभर तरी स्वयंपाकघरात वजनकाटा ठेवा. अंदाज नेहमी आपल्याच बाजूने चुकतो.

गूळ, मध, खजूर यांना साखरेपेक्षा वेगळी वागणूक देऊ नका. 'शुगर फ्री' बिस्किटात साखर नसते, मैदा असतोच. उपवासाचं तर बोलायलाच नको. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, १०० ग्रॅममध्ये ८५ ग्रॅमच्या वर कर्बोदकं, आणि खिचडीत वर बटाटाही पडतो. भगरही काही वेगळी नाही. उपवास मोडवत नसेल तर दाण्याची आमटी, दाण्याचं कूट घातलेली काकडीची कोशिंबीर, दही, पनीर यांवर दिवस काढता येतो. भगर घ्यायचीच तर दोन चमचे, तोंडी लावण्यापुरती.

गोळ्या त्याच, जेवण निम्मं

सगळ्यात धोक्याची चूक हीच, आणि ती उत्साही माणसांकडूनच होते. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. तुम्ही जेवलात की नाही, हे गोळीला कळत नाही. सकाळी गोळी घेतली आणि नाश्त्याला नुसती दोन अंडी खाल्ली, तर अकराच्या सुमाराला दरदरून घाम, हात थरथरणं, छातीत धडधड, उगाच चिडचिड सुरू होऊ शकते. इन्सुलिन घेणाऱ्यांना हा धोका आणखी जास्त. तपासल्यावर साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली आढळली तर तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून लगेच घ्यायचं आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. अशा वेळी लाडू किंवा चॉकलेट कामाचं नाही, त्यातल्या तुपा-तेलामुळे साखर उशिरा चढते. माणसाची शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना गाठा.

डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांचा धोका वेगळाच. त्या चालू असताना कर्बोदकं अगदीच तोडली, किंवा कडक उपास केला, तर रक्तात आम्लं साठू शकतात, आणि तीही साखर फारशी वाढलेली नसताना. उलट्या, पोटदुखी, धाप लागली तर 'शुगर नॉर्मल आहे' म्हणून घरी बसू नका. रुग्णालयात गेल्यावर गोळीचं नाव आधी सांगा.

नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्यांची साखर सहसा एवढी उतरत नाही. पण गोळी कोणतीही असो, आहार बदलण्याआधी डॉक्टरांना चिठ्ठी दाखवून 'मी पोळी-भात निम्मा करतोय, यातलं काय कमी करायचं?' एवढं विचारा. आपल्या मनाने गोळी बंद करणं ही दुसऱ्या टोकाची चूक. रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दलही याच भेटीत विचारून घ्या. कर्बोदकं घटली की पहिल्या काही दिवसांत शरीर मीठ आणि पाणी बाहेर टाकतं, आणि तोच रक्तदाबाचा डोस जड होऊन उठताना चक्कर येऊ शकते.

काढलं, पण जागी काही ठेवलं नाही

भात गेला, पोळ्या निम्म्या झाल्या, भाजी मात्र तीच चमचाभर. मग संध्याकाळी पाचला खारी आणि फरसाण हात धरून बोलावतात. इथे निग्रहाला दोष देऊ नका, भूक खरी आहे. दोन वाट्या भाजी, त्यात मेथी, पडवळ, दोडका, कोबी, गवार काहीही. सोबत अंडी, मासे, चिकन, पनीर किंवा सोयाबीन. शाकाहाऱ्यांनी डाळ-उसळ सोडू नये, फक्त त्यातही कर्बोदकं आहेत हे धरून चालावं. झुणका आणि अर्धी भाकरी हे जेवण मला तरी कोणत्याही परदेशी 'कीटो' (म्हणजे कर्बोदकं जवळजवळ बंद करणाऱ्या) पाककृतीपेक्षा टिकाऊ वाटतं. तोंडी लावायला जवसाची किंवा कारळ्याची चटणी असू द्या. जवसाने बद्धकोष्ठाची तक्रारही कमी होते, पाणी मात्र पुरेसं प्यायला हवं.

ग्लुकोमीटर आहे, पण विचारतो चुकीचं

रोज फक्त उपाशीपोटी तपासून कोणता पदार्थ बाधला ते कळत नाही. एखाद्या जेवणाआधी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी तपासा. पोह्यांनी साखर ८० ने वाढली आणि ऑम्लेट-कोशिंबिरीने २० ने, हे स्वतःच्या वहीत दिसलं की कोणाचं व्याख्यान लागत नाही. बोट टोचण्याआधी हात धुवा. आंबा चिरलेल्या हाताने तपासलं तर मीटर आंब्याची साखर मोजतं. पट्ट्यांच्या डबीचं झाकण घट्ट लावा, पावसाळी दमट हवेत पट्ट्या खराब होतात.

जेवणानंतरचे आकडे सुधारले आणि सकाळचा मात्र हटत नाही, अशी तक्रार पुष्कळांची असते. पहाटे यकृत स्वतःच रक्तात साखर सोडतं. बऱ्याच जणांचा हा आकडा सगळ्यात शेवटी उतरतो. त्यासाठी रात्रीचं जेवण आणखी तोडत बसू नका, ते लवकर घ्या आणि नंतर थोडं चाला.

एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, तीन महिन्यांच्या आत पुन्हा करण्यात फारसा अर्थ नसतो. अंगात लोह कमी असेल तर तिचा आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो, म्हणून हिमोग्लोबिनही सोबत बघा.

चष्म्याची घाई

साखर झपाट्याने उतरू लागली की काही आठवडे अंधुक दिसू शकतं, कारण डोळ्यातल्या भिंगातलं पाणी कमीजास्त होत असतं. या दिवसांत चष्मा केला तर त्याचा नंबर पुढे जुळत नाही. साखर स्थिरावली की मगच नंबर काढा. पडद्याची तपासणी मात्र निदान झाल्या झाल्या करून घ्या. टाइप २ मधुमेह कळण्याआधी कित्येक वर्षं अंगात मुरलेला असू शकतो.