मुंगीच्या कमरेवर गोंद सांडला, चार महिने गेले

एमएस्सीच्या डिझर्टेशनला 'झाडावरच्या मुंग्या' हा विषय घेतला तेव्हा वाटलं होतं, कोल्हापुरात राहून याहून सोपं काम मिळायचं नाही. पन्हाळ्याच्या वाटेवर, शेताच्या बांधावर, आंब्यावर हव्या तेवढ्या मुंग्या. डोकं, धड, पोट, सहा पाय हे तुम्हाला येतंच. मी अडकलो कमरेत, तेवढंच नीट सांगतो.

आयडेंटिफिकेशन कीच्या, म्हणजे एकेक प्रश्न विचारत जात ओळखून देणाऱ्या तक्त्याच्या, सुरुवातीलाच विचारतात: कमरेला गाठ एक की दोन? आंब्याची पानं शिवून घरटं करणारी तांबडी मुंगी, ईकोफिला स्मरॅग्डिना, एका गाठीची. फॉर्मिसिनी उपकुळातली, म्हणजे नांगी नाही. पोटाच्या टोकाला आम्ल फवारणारं छिद्र. फांदीवर शेणाच्या गोळ्यासारखं घरटं लिंपणारी क्रेमॅटोगॅस्टर मात्र दोन गाठींची, मिर्मिसिनी या दुसऱ्या उपकुळातली. इथे चुकलात की अख्खा रस्ता चुकला.

मी ही क्रेमॅटोगॅस्टर नमुना म्हणून कार्डावर चिकटवली ती झटपट वाळणाऱ्या गोंदाने. थेंब मोठा पडला, मागची गाठ त्यात बुडाली. या मुंगीची दुसरी गाठ पोटाला समोरून जोडलेली नसते, वरच्या बाजूने जोडलेली असते, त्यामुळे मला ती गाठ पोटाचाच भाग वाटली. शिवाय डिवचलं की ही पोट वर उचलते, आणि ईकोफिलाही उचलते. झालं! एक गाठ, पोट वर, म्हणजे फॉर्मिसिनी. पुढच्या पायऱ्या जुळेनात तर मी त्या ओढूनताणून जुळवल्या. चार महिने. तोवर मार्गदर्शक सर प्रत्येक पानावर न बघता सही करत होते. (सही म्हणजे मार्गदर्शन नव्हे, हे माझं ठाम मत.)

शेवटी प्रयोगशाळेतल्या मामांनी पेटी उचलून विचारलं, "हिची कंबर कुठं ठेवलीस रं?"

तो गोंद पाण्याने सुटत नाही. सोडवताना तीन मुंग्यांचे पाय गेले. म्हणून कळकळीने सांगतो: पाण्यात विरघळणाराच गोंद घ्या. कार्डाचा बारीक त्रिकोण कापा, रुंद बाजूला पिन टोचा, टोकाला सुईच्या अग्रावर मावेल एवढाच गोंद लावा. हे टोक मुंगीच्या उजव्या बाजूने, मधल्या आणि मागच्या पायांच्या बुडांमध्ये टेकवा. कंबर दोन्ही अंगांनी मोकळी राहिली पाहिजे. बाजूने पाहा, वरून पाहा, मगच पुढची. एकाच घरट्यातल्या चार-पाच मुंग्या अल्कोहोलमध्ये राखून ठेवा, म्हणजे एक बिघडली तरी रडावं लागत नाही.

घाबरू नका, कंबर दिसू लागली की बाकीचं आपोआप येतं. सराव टेट्रापोनेरा रूफोनायग्रा या मुंगीवर करा. लांबट, तांबडी-काळी, मोठ्या डोळ्यांची, दोन्ही गाठी ठळक. नांगी जबर आहे, चिमट्यानेच धरा. ईकोफिलाची गाठ उलट लांब आणि बसकी, उंचवटा शोधत बसलात तर 'गाठच नाही' असं वाटेल. आणि तिच्या कामकरी मुंग्या दोन आकारांच्या असतात. लहान दिसली म्हणून वेगळी जात लिहू नका.

रंगावर तर मुळीच जाऊ नका. ईकोफिलाला फॅब्रिशियस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञाने 1775 मध्ये नाव दिलं स्मरॅग्डिना, म्हणजे पाचूसारखी. ऑस्ट्रेलियातली खरंच हिरवट असते, आपली नारिंगी-तांबडी, पण जात एकच. मोबाइलवर फोटो टाकून नाव काढणारे मित्र मला यासाठीच पटत नाहीत. फोटोत कंबर बहुधा पायांमागे लपते. जुनी पुस्तकंही जपून वापरा. बिंगहॅमच्या भारतातल्या मुंग्यांवरच्या 1903 च्या ग्रंथात टेट्रापोनेरा 'सिमा' या नावाखाली सापडेल. मी तिला नवीनच जात समजून एक दुपार हवेत होतो.

दाजीपूरच्या अभयारण्यातून काही गोळा करायचं तर वनखात्याची परवानगी आधी काढा. बांधावरच्या आंब्याला मालकाची तोंडी परवानगी पुरते. चढण्याआधी पँट मोज्यात खोचा आणि हातांना टाल्कम पावडर चोळा, तिच्यावर मुंग्यांचे पाय घसरतात. मोज्यांचं मला कोणी सांगितलं नव्हतं.