ऑस्कर सीझन, नोकरी सांभाळून

आधीच सांगून टाकतो, दहाच्या दहा सिनेमे बघायचा नाद सोडा. बेस्ट पिक्चरला दहा नॉमिनेशन्स असतात, 2025 ला त्यातला 'द ब्रुटलिस्ट' एकटाच साडेतीन तासांचा होता, आणि आपल्यामागे ऑफिस, लोकल, पोरांचा अभ्यास सगळंच. एका वर्षी मी हट्टाने दहाही बघायला घेतले, सातव्याला सोफ्यावर घोरत होतो. गंमत म्हणजे मत देणारे तरी कुठे सगळे बघत होते, ऑस्कर देणाऱ्या अकॅडमीला 2025 मध्ये नियम काढावा लागला की फायनलला ज्या कॅटेगरीत मत देणार तिथले सगळे सिनेमे बघितलेलेच पाहिजेत. म्हणजे तोवर असंच चालायचं!

मी काय करतो तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये व्हेनिस, टेल्युराइड, टोरंटो हे फेस्टिव्हल होतात, तिथून ज्या नावांचा गवगवा सुरू होतो ती फोनच्या नोट्समध्ये टाकून ठेवतो, बास. मे मधल्या फ्रान्सच्या कान फेस्टिव्हलची पण एकदोन. 'अनोरा' 2024 च्या मे महिन्यात कानला जिंकला आणि मार्च 2025 ला ऑस्कर घेऊन गेला, म्हणजे नाव दहा महिने नोट्समध्ये पडून होतं आणि मला कष्ट शून्य.

मग थेट जानेवारी. नॉमिनेशन्स आपल्याकडे संध्याकाळी सातला जाहीर होतात, घरी जाताना ट्रेनमध्ये यादी बघायची, नोट्सशी ताडून बघायची आणि त्यातले तीनच निवडायचे. एक थिएटरला, एक ओटीटीवर, आणि एक निव्वळ आपल्या आवडीचा, मग तो जिंको न जिंको. थिएटरवाला मात्र लागेल त्याच आठवड्यात बघा, "पुढच्या शनिवारी जाऊ" अजिबात नाही. मी तसं म्हटलं होतं एकदा, पुढच्या शनिवारी उघडून बघतो तर एकच शो उरलेला, रात्री पावणेअकराचा, तोही खाडीपलीकडच्या मॉलमध्ये.

मधले अवॉर्ड्स सगळे बघायची गरज नाही. गोल्डन ग्लोब्ज म्हणजे कपडे आणि भाषणं, सकाळी फोटो बघितले की झालं. लक्ष ठेवायचं ते प्रोड्यूसर्स गिल्डवर, म्हणजे निर्मात्यांच्या संघटनेच्या अवॉर्डवर, कारण तिथली मोजणी बेस्ट पिक्चरसारखीच असते. मत देणारा सिनेमांना एक, दोन, तीन असे नंबर देतो, सगळ्यात कमी पहिली पसंती असलेला बाद, आणि त्याची मतं त्या त्या माणसाच्या पुढच्या नंबरच्या सिनेमाला, असं करत कुणीतरी अर्ध्याच्या पुढे जाईपर्यंत. त्यामुळे काहींचा जीव की प्राण आणि बाकीच्यांच्या डोक्यात जाणारा सिनेमा अडकतो, आणि बऱ्याच जणांनी दोन-तीन नंबरला ठेवलेला पुढे सरकतो. 'कोडा' आणि 'अनोरा' दोन्ही ऑस्करच्या आधी तिथे जिंकले होते. चुकतं पण, 2020 ला तिथे '1917' होता आणि ऑस्करला 'पॅरासाइट'. तेवढी रिस्क पैजेत चालते, आमची पैज वडापावची असते.

ज्यांना खरंच वेळ नाही त्यांनी नॉमिनेट झालेल्या शॉर्ट फिल्म्स बघा, मनापासून सांगतोय. 40 मिनिटांच्या वर शॉर्ट चालतच नाही, काही यूट्यूबवर फुकट असतात, डब्याच्या सुट्टीत एक संपते. या कॅटेगरीत अंदाज लावणारे कमी, सो तुमचं ज्ञान ऑफिसात उठून दिसतं.

आता आपल्याकडच्या हेडलाइन्स. "अमुक सिनेमा ऑस्करच्या शर्यतीत" वाचून ग्रुपवर फटाके फोडू नका. ती बऱ्याचदा नुसती पात्र सिनेमांची यादी असते, 2025 ला त्यात 323 सिनेमे होते. भारताकडून इंटरनॅशनल फिल्मच्या कॅटेगरीसाठी एक सिनेमा पाठवला जातो ती गोष्ट वेगळी, तशी आपली 'श्वास', 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' आणि 'कोर्ट' गेलेली. पण पाठवलेल्यातून आधी 15 उरतात, मग पाच, आणि त्या पाचांत भारत आजवर तीनदाच पोचलाय, 'मदर इंडिया', 'सलाम बॉम्बे' आणि 'लगान'. 'श्वास' नॉमिनेट झाला होता असं म्हणणारे दोघं तरी मला दरवर्षी भेटतात.

शेवटचा दिवस म्हणजे आपली सोमवारची पहाट. तिकडे अमेरिकेत उन्हाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढे केली असतील तर साडेचार, नसतील तर साडेपाच. मी काही उठत नाही त्यासाठी. बेस्ट पिक्चर अगदी शेवटी असतं, साडेसातच्या सुमारास चहा घेऊन बसलं तरी ते सापडतं, भाषणं मग क्लिप्समध्ये. आमच्याकडे कॉस्च्यूमचं अवॉर्ड तेवढं लावावंच लागतं, आई कोल्हापूरची, 1983 ला 'गांधी'साठी कोल्हापूरच्याच भानू अथैयांना मिळालेलं भारताचं पहिलं ऑस्कर ती अजून आपल्या माहेरालाच मिळाल्यासारखं सांगते, आणि तिकडे दुसऱ्याच कुणाचं नाव पुकारलं की "असू दे, पहिलं आमचंच" म्हणत चहा गाळायला जाते.