मात्रिकुला कार्डावर गाडीचा विमा काढायचाय? निघण्याआधी हे बघून घ्या

कॅलिफोर्नियात आपल्यापैकी बरेच जण शनिवारी वाचनालयात लोकांना फॉर्म भरून द्यायला बसतात. काहींच्या घरी आई-बाबांना सांभाळायला मेक्सिकोहून आलेल्या ताई असतात, काहींची बाग बघणारे दादा असतात. कधीतरी ते पाकिटातून एक हिरवट कार्ड काढतात आणि विचारतात, यावर गाडीचा विमा मिळेल का? मिळतो. मी अशा बऱ्याच जणांबरोबर एजंटकडे गेले आहे. तयारी नसेल तर तीन फेऱ्या होतात, आणि रोजंदारीवरच्या माणसासाठी फेरी म्हणजे बुडालेला दिवस. म्हणून ही यादी.

आधी ते कार्डच नीट बघा. मात्रिकुला कॉन्सुलार हे मेक्सिकोची वकिलात परदेशात राहणाऱ्या आपल्या नागरिकांना देते. ही पद्धत १८७१ पासूनची आहे. त्यावर फोटो, जन्मतारीख, जन्मस्थळ आणि अमेरिकेतला पत्ता असतो. कार्ड पाच वर्षं चालतं, तेव्हा मुदत संपत आली असेल तर आधी सॅन होजे, सॅन फ्रान्सिस्को किंवा फ्रेस्नो, जी वकिलात त्यांच्या पत्त्याला लागू असेल तिथली अपॉइंटमेंट घ्या. जन्मदाखला, फोटोचं दुसरं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा तिथे लागतो. घर बदललं असेल तर कार्डावरचा पत्ता जुना असणार. मग आताच्या घराचा भाडेकरार किंवा लाइट बिल बरोबर घ्या. गाडी रात्री कुठे उभी राहते यावर हप्ता ठरतो, त्यामुळे पत्ता खरा आणि आजचा हवा.

हे कार्ड माणूस कोण आहे एवढंच सांगतं. गाडी चालवायची परवानगी त्यातून मिळत नाही, आणि इथे राहण्याचा दर्जाही त्यावर लिहिलेला नसतो. तो एजंटला लागत नाही, तेव्हा आपणही विचारू नये. सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर रकाना कोरा सोडा आणि एजंटला तसं सांगा. दुसऱ्या कुणाचा किंवा मनाने रचलेला नंबर कधीही टाकू नका. कॅलिफोर्नियात गाडीच्या विम्याचा दर ठरवताना क्रेडिट स्कोअर वापरायला बंदी आहे, त्यामुळे नंबर नाही म्हणून हप्ता वाढायचं कारण नाही.

लायसन्सचा प्रश्न मात्र टाळता येत नाही. २ जानेवारी २०१५ पासून कॅलिफोर्नियात एबी ६० कायद्याखाली इमिग्रेशनचा दर्जा न बघता लायसन्स मिळतं, आणि डीएमव्ही, म्हणजे राज्याचं मोटार वाहन खातं, ओळख पटवायला मात्रिकुलाही धरतं. मी प्रत्येकाला आधी हेच करायला सांगते. परदेशी लायसन्सवर विमा देणाऱ्या कंपन्या आहेत, पण मोजक्या. फोनवरच विचारून घ्या, मग निघा. शिवाय इथे राहायला आलेल्या माणसाने दहा दिवसांत इथलं लायसन्स काढावं असा नियम आहे. मेक्सिकोतलं लायसन्स असेल तर तेही बरोबर ठेवा, निदान किती वर्षं गाडी चालवतात ते दाखवता येतं.

आता नाव. सगळ्यात जास्त घोळ मी इथेच पाहिला आहे. मेक्सिकोत माणसाला दोन आडनावं असतात, आधी वडिलांकडचं, मग आईकडचं. इथला कारकून एर्नांदेस लोपेस वाचतो आणि एर्नांदेसला मधलं नाव करून टाकतो. मग कार्डावर एक माणूस, गाडीच्या कागदावर दुसरा आणि पॉलिसीवर तिसरा. मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असल्यामुळे आपली पासपोर्टावर, बँकेत आणि लायसन्सवर तीन रूपं झालेली असतात. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांनी तर हे पुरतं सोसलं आहे. मेक्सिकोत लग्नानंतर आडनाव बदलायची पद्धत नाही, तेव्हा फॉर्मवर कुणी सहज नवऱ्याचं आडनाव घातलं तर तिथेच थांबवा. सगळे कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि अक्षर न् अक्षर जुळवा. तारीखही बघा, कारण मेक्सिकोत आपल्यासारखा दिवस आधी लिहितात आणि इथे महिना.

गाडीचे कागद म्हणजे रजिस्ट्रेशन आणि मालकीचा कागद, ज्याला इथे सगळे पिंक स्लिप म्हणतात. गाडी खरंच कुणाच्या नावावर आहे ते विचारा. पुष्कळदा ती मेव्हण्याच्या किंवा जुन्या मालकाच्याच नावावर असते, कारण व्यवहार रोखीत झाला आणि कागद तसाच राहिला. विकत घेतल्यापासून दहा दिवसांत मालकी बदलायची असते. राहिली असेल तर आधी ते करा. ज्या गाडीवर आपला हक्क कागदावर नाही तिचा विमा ऐनवेळी कामाला येईल याची खात्री नसते. सतरा अंकी-अक्षरी व्हीआयएन, म्हणजे गाडीची ओळख पटवणारा नंबर, समोरच्या काचेखाली चालकाच्या बाजूला दिसतो, त्याचा फोटो घ्या. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं नसतात, म्हणून गोल दिसलं तर ते शून्यच. किलोमीटरचा, इथे मैलांचा, आकडाही टिपून घ्या, कारण वर्षाला किती मैल होतात यावर इथला दर बराचसा ठरतो.

पुढचे दोन प्रश्न घरून विचारून यायचे आहेत. त्या घरात गाडी चालवण्याच्या वयाचे कोण कोण राहतात? एका घरात तीन कुटुंबं राहत असतील तर सगळी नावं सांगायला लोक कचरतात, हप्ता वाढेल म्हणून. पण विमा घेताना कुणी फार खोलात शिरत नाही; अपघात झाला की कंपनी अर्जाची ओळ न् ओळ तपासते, आणि लपवलेल्या भाच्याच्या हातून गाडी ठोकली गेली असेल तर पॉलिसीच रद्द होऊ शकते. जो गाडी चालवणारच नाही त्याला लेखी वगळता येतं. आणि गाडी कामाला लागते का? पिकअपमध्ये गवत कापायचं यंत्र नेणं किंवा पैसे घेऊन जेवण पोचवणं हे साध्या घरगुती पॉलिसीत बहुतेक बसत नाही. आधीच सांगा.

किती रकमेचा विमा? १ जानेवारी २०२५ पासून कॅलिफोर्नियात कायद्याने किमान रक्कम वाढली आहे: एका जखमी माणसामागे ३०,००० डॉलर, एका अपघातामागे ६०,००० आणि मालमत्तेच्या नुकसानीला १५,०००. ऐपत बेताची असेल तर राज्याच्या स्वस्त विमा योजनेची चौकशी जरूर करा. तिथे इथलं लायसन्स लागतं, इमिग्रेशनचा दर्जा नाही. विमा नसलेल्या गाडीने आपल्याला ठोकलं तर लागणारं संरक्षण एजंटला द्यावंच लागतं, आणि नको असेल तर सही करून नाकारावं लागतं. ती सही घाईत करू देऊ नका. स्वतःचा विमा नसेल तर काय होतं तेही समजावून सांगा: १९९६ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या प्रॉपोझिशन २१३ या कायद्यामुळे, चूक पूर्णपणे समोरच्याची असली तरी विमा नसलेल्या चालकाला वेदना आणि त्रासाची भरपाई सहसा मागता येत नाही. दवाखान्याचं बिल, बुडालेली मजुरी आणि गाडीचं नुकसान यांसारखा प्रत्यक्ष खर्च मात्र मागता येतो.

पैसे रोख भरणार असाल तर पावतीवर कंपनीचं नाव, पॉलिसी नंबर आणि सुरू होण्याची तारीख-वेळ घेतल्याशिवाय उठू नका. ब्रोकर स्वतःची फी वेगळी घेतो, ती पहिल्या हप्त्यात मिसळलेली नाही ना ते बघा. एजंटचं लायसन्स राज्याच्या विमा खात्याच्या वेबसाइटवर दोन मिनिटांत तपासता येतं. सुट्टीत गाडी घेऊन तिहुआनाला जाणार असतील तर मेक्सिकोचा विमा वेगळा काढावा लागतो, इथली पॉलिसी तिथे कायद्याने पुरत नाही.

काम झालं की तुमच्या फोनमधले त्यांच्या कागदांचे फोटो त्यांच्यासमोर पुसून टाका, झेरॉक्स त्यांच्याच हातात द्या. विम्याचं कार्ड डॅशबोर्डच्या खणात ठेवायला सांगा, आणि त्याच कागदामागे मोठ्या अक्षरांत स्पॅनिशमध्ये लिहून द्या की अपघातात कुणाला लागलं किंवा १,००० डॉलरांवर नुकसान झालं तर दहा दिवसांत डीएमव्हीला एसआर-१ फॉर्म द्यायचा. पुढच्या हप्त्याची तारीखही तिथेच लिहा.