डिरेक्टरीत जाहिरात देताय? या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबागेत माझं मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवीन तार भरून द्यायचं दुकान आहे. महिन्यातून एकदा तरी कुणीतरी नवीन दुकानवाला येऊन विचारतो, "अण्णा, डिरेक्टरीवाल्यांचा फोन आलाय, वर्षाचं पॅकेज घेऊ काय?" (डिरेक्टरी म्हणजे फोनवर शोधल्यावर दुकानांचे नंबर-पत्ते दाखवणारी यादी.) बहुतेक वेळा पैसे भरून झालेले असतात, फक्त माझ्या तोंडून 'बरं केलास' ऐकायचं असतंय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आपलं गिऱ्हाईक कुणाला विचारून येतंय हे न बघता पैसे भरणं. ही मी स्वतः केली. माणूस गोड बोलला, 18 हजारचं पॅकेज, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे गेले 21,240. (जीएसटी रेग्युलर असेल तर त्या 18 टक्क्यांचं क्रेडिट मिळतंय, मी तेव्हा कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांच्या योजनेत होतो, तिथं क्रेडिट नाही, बसलो बोंबलत.) आणि फोन यायला लागले की, रोज दोन-तीन, मी खूश. चौथ्या दिवशी एक बाई विचारते, "कार शिकवायला किती दिवस घेता ओ?" बघतो तर मला मोटर ट्रेनिंगमध्ये टाकलेलं! ते बदलून घेईस्तोवर दीड महिना गेला. वर्ष संपल्यावर वही काढली तर जाहिरातीतून आलेली कामं नऊ. तांब्याची तार, वार्निश, पोरांची मजुरी जाऊन एका मोटरीमागे हातात राहतात बाराशे, म्हणजे नुसतं मुद्दल निघायला 18 कामं पाहिजे होती.

बरं, त्यात उन्हाळ्याचा सीझनपण होता, विहिरी खाली गेलेल्या, व्होल्टेज पडलेलं, मोटरी धडाधड जळत होत्या. पण खानापूर नाहीतर चंदगडकडचा शेतकरी डिरेक्टरी बघत बसत नाही, गावातल्या वायरमनला विचारतो आणि मोटर टेम्पोत टाकून सरळ येतो. ती नऊ कामं कुणाची होती? लॉजवाले आणि टिळकवाडीतल्या फ्लॅटवाल्यांची.

म्हणून आधी हे बघा की तुमचं गिऱ्हाईक गावात परकं आहे काय. सांबऱ्याला एअरफोर्समध्ये बदलून आलेला, केएलई हॉस्पिटलात पेशंट घेऊन आलेला, व्हीटीयू विद्यापीठात शिकायला आलेला पोरगा, ह्यांना इथं विचारायला कुणी नसतंय, ते फोनवरच शोधतात. लॉज, मेस, पॅकर्स-मूव्हर्स, घरी नर्स पाठवणारे, ह्यांनी जरूर द्यावी. गल्लीतला टेलर, पिढीजात कुंदा मिठाईवाला, ह्यांनी कशाला?

गूगल मॅपवरचं फुकटचं लिस्टिंग न करता पैशाचं घेणारे तर मला कळतच नाहीत.

नावाचा घोळ वेगळाच. 2014 ला सरकारी नाव बेळगावी झालं, पण आपण आणि चंदगडवाले अजून बेळगावच म्हणतो. एकाच दुकानाची दोन नावांनी दोन लिस्टिंग बघितलीत मी, एकावर जुना बंद पडलेला नंबर. दुकानाचं नाव आणि नंबर सगळीकडे एकच ठेवा, पत्त्यात गावाची दोन्ही नावं टाका.

फोन न उचलणं. एकच चौकशी बऱ्याचदा चार दुकानांना पाठवलेली असतेय, पहिला उचलेल त्याचं काम.

ऑटो डेबिट न वाचता सही करणं. बँकेत जाऊन मँडेट, म्हणजे पैसे कापायला दिलेली परवानगी, बंद करता येतंय, पण आठवण येते पैसे कापल्यावर.

आणि पंधरा दिवसात 'काही उपयोग नाही' म्हणून ओरडणारे, अरे पण कोण कुठून आलं ते लिहिलंस काय? मी जाहिरातीसाठी वेगळं सिम ठेवलंय, साधा डबडा फोन. त्यावर वाजला की वहीत रेघ, काम होऊन पैसे आले की रेघेवर गोल. गोलच मोजायचे.

आता मी वर्षाचं घेतच नाही. जानेवारीत फोन आला की तीन महिन्यांचं द्या म्हणतो, ते म्हणतात असं पॅकेज नसतंय सर, मी बरं म्हणून ठेवतो. गेल्या वेळी संध्याकाळी परत फोन आला, मॅनेजरशी बोललो म्हणाला, करून देतो.