शेड्युलर अपग्रेड का करायचा: बॅच सपोर्टला लागणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात इंजिनिअरिंग किंवा एमसीए करून प्रॉडक्शन सपोर्टला लागलं, की वाट्याला येते रात्रपाळी, कंट्रोल-एम नाहीतर ऑटोसिस या शेड्युलरची (ठरल्या वेळी, ठरल्या क्रमाने कामं आपोआप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) स्क्रीन आणि लाल झालेले, म्हणजे अयशस्वी झालेले जॉब. कधीतरी साहेब सांगतात, "अपग्रेड का हवं, एक पान लिहून द्या." त्या पानावर नव्या व्हर्जनची फीचर उतरवून काढू नका. जे चाललंय त्यावर कुणी पैसे घालत नाही. ते कुठं अडलंय ते दाखवावं लागतं.

शेड्युलर स्वतः क्वचितच बिघडतो. भोवतालचं सगळं बदलतं आणि तो जागेवरच राहतो. विंडोज सर्व्हर २०१२ आर२ चा एक्स्टेंडेड सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ ला संपला, सेंटओएस ७ चा ३० जून २०२४ ला. नव्या ओएसवर जुना एजंट (प्रत्येक सर्व्हरवर बसून शेड्युलरचे जॉब चालवणारा छोटा प्रोग्राम) चालत नाही, किंवा चालला तरी शेड्युलर बनवणारी कंपनी त्याची जबाबदारी घेत नाही. मग एका शेड्युलरपायी कितीतरी सर्व्हर जुन्या ओएसवर अडकून पडतात. पानावर पहिला आकडा हाच लिहा: कोणत्या ओएसवर किती एजंट आहेत.

सुरक्षेचा मुद्दा याहून वजनदार. शेड्युलरकडे जवळजवळ प्रत्येक सर्व्हरवर जॉब चालवायचे अधिकार असतात, म्हणजे तो हाती लागला की सगळंच हाती लागलं. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे (Log4j) या जावातल्या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीतली त्रुटी उघड झाली तेव्हा जावावरच्या असंख्य उत्पादनांना तातडीने पॅच लावावे लागले. सपोर्टबाहेरच्या व्हर्जनला असा पॅच येईलच याची खात्री नसते.

तिसरं कारण धंद्याच्या वेळापत्रकात आहे. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी चोवीस तास चालतं, अर्ध्या अर्ध्या तासाच्या बॅचमध्ये. १ ऑगस्ट २०२१ पासून नाच (NACH, पगार, हप्ते अशा ठोक व्यवहारांची यंत्रणा) सुट्टीच्या दिवशीही. "रात्री एकदा, सुट्टी सोडून" या हिशेबाने बांधलेली जॉबची साखळी इथं अपुरी पडते. आपल्याकडचं दूध बिल घ्या. गावोगावच्या संस्थांचा दहा दिवसांचा डेटा आला की बिल काढायचं, पण क्रॉनला (लिनक्स-युनिक्समधल्या साध्या शेड्युलरला) फक्त घड्याळ कळतं. डेटा उशिरा आला तरी तो दोनच्या ठोक्याला अपुरं बिल काढून मोकळा. फाइल आल्यावरच सुटणारा जॉब हवा, आणि त्यात फाइलचा आकार वाढायचा थांबलाय का हेही तपासायला हवं. नाहीतर अर्धवट उतरलेली फाइलच उचलली जाते. (क्रॉनची आणखी एक खोड: तारीख १, ११, २१ आणि वार सोमवार असं दोन्ही भरलं, तर जॉब त्या तारखांना चालतोच, शिवाय दर सोमवारीही.)

पुरावा म्हणून गेल्या तीन महिन्यांची जॉब हिस्टरी काढा. किती जॉब उशिरा सुटले आणि किती हाताने पुन्हा चालवावे लागले ते मोजा. स्क्रिप्टच्या चुकीने पडलेले जॉब त्यातून वगळा, कारण ते अपग्रेडनंतरही पडणारच आहेत.

मंजुरी मिळाली की खरी कसोटी. शेड्युलर बनवणाऱ्या कंपनीचा कम्पॅटिबिलिटी तक्ता (कोणतं व्हर्जन कशाबरोबर चालतं तो) आधी बघा. साधारणपणे आधी शेड्युलरचा सर्व्हर, मग एजंट टप्प्याटप्प्याने, कारण नवा सर्व्हर काही जुन्या एजंटांशी बोलू शकतो. कंट्रोल-एममध्ये मूळ सेटिंगला सर्व्हरकडून एजंटकडे ७००६ आणि उलट ७००५ पोर्ट लागतो. फायरवॉलवर फक्त सर्व्हरकडून एजंटकडची दिशा उघडली की जॉब सुटतो, पण निकाल परत येत नाही.

जुना आणि नवा शेड्युलर सोबत चालवून बघताना सगळ्यात मोठा धोका एकच जॉब दोनदा सुटण्याचा, म्हणजे पेमेंटची फाइलही दोनदा. नव्या बाजूला खऱ्या कमांडऐवजी नुसता मजकूर छापणारी डमी कमांड (echo) ठेवा आणि फक्त क्रम व वेळा ताडून बघा. ऑटोसिसवाल्यांनी जॉब थांबवून ठेवायच्या दोन पद्धतींमधला, होल्ड आणि आइसमधला, फरक पाठ करावा. होल्डवरचा जॉब पुढच्या साखळीला अडवतो, आणि अटी पूर्ण झाल्या असतील तर होल्ड काढताक्षणी सुटतो. आइसवरचा जॉब झाल्यासारखाच धरून साखळी पुढे जाते, आणि आइस काढल्यावर तो अटी नव्याने पूर्ण होईपर्यंत थांबतो.

एजंट बदलल्यावर सकाळी एक्झिट कोड (जॉब संपताना मिळणारा आकडा) १२७ ची रांग लागली, तर स्क्रिप्टला दोष देऊ नका. कमांड सापडली नाही एवढाच त्याचा अर्थ. बहुतेकदा नवा एजंट युजरचं प्रोफाइल वाचत नसतो, म्हणून पाथ (कमांड कुठं शोधायच्या ती यादी) अपुरा राहतो. १२६ आला तर परवानग्या तपासा.

तारीख निवडताना महिनाअखेर, मार्च आणि दूध बिलाचे दिवस टाळा. जुलै-ऑगस्टही नको. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गच बंद होता. सर्व्हर रूमपर्यंत माणूस पोचेल हे तेव्हा गृहीत धरता येत नाही. डीआरचा (मुख्य जागा बंद पडल्यास वापरायचा) सर्व्हरही त्याच फेरीत अपग्रेड करा, नाहीतर गरजेच्या वेळी जुनं व्हर्जन नव्या डेटाबेसपुढे उभं राहतं.

मागे फिरण्याची वेळ लेखी ठरवा, आणि ती नव्या सर्व्हरचा पहिला दिवसबदल (शेड्युलर नव्या दिवसाचे जॉब भरून घेतो तो क्षण) होण्याआधीची असू द्या. त्यानंतर जुना बॅकअप परत लावला, तर रात्री काय चालून गेलं हे त्या डेटाबेसला माहीतच नसतं, आणि तो झालेले जॉब पुन्हा सोडायला लागतो. तरीही उशिरा फिरावंच लागलं, तर सगळे जॉब होल्डवर ठेवूनच सर्व्हर उठवा आणि चालून गेलेल्यांची यादी हातात धरून एकेक मोकळा करा.