कापलेल्या बाटलीत मूनपूलचं गणित कसं मांडायचं

खानापूरकडं शेतात बोअरचं पाणी साठवायला आमचा सिमेंटचा हौद आहे, मी हे तिथंच शिकलो, कारण पुस्तक उघडलं की पहिल्याच पानावर लाप्लासचं समीकरण आणि माणूस तिथंच गार.

ड्रिलशिपच्या (समुद्राचा तळ खोदणाऱ्या जहाजाच्या) पोटात आरपार भोक असतंय, त्याला मूनपूल म्हणतात. बाहेरच्या लाटेचा पिरियड (एका झोक्याला लागणारा वेळ) आतल्या पाण्याच्या पिरियडशी जुळला की आतलं पाणी पिस्टनसारखं वरखाली नाचतं, कधी डेकवर पण येतं. दोन जहाजं शेजारी लावली तर मधल्या फटीत सेम प्रकार.

कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली घ्या, बूड कापा, मार्करनं सेंटीमीटरच्या खुणा करा. कापलेली बाजू खाली आणि तोंड वर उघडं ठेवून हौदात ८ सेंटीमीटर बुडवा, मग तोंडावर अंगठा दाबून १२ पर्यंत ढकला, आतलं पाणी साधारण ४ सेंटीमीटर खालीच राहतं. बाटली घट्ट धरून अंगठा काढा आणि मोबाईलवर स्लो मोशन घ्या. (मी पहिल्यांदा कोरडीच बंद करून खोल दाबलेली, पाणी थेट नाकात.)

आता गणित. ρ पाण्याची घनता, A बाटलीचं आडवं क्षेत्रफळ, d बुडालेली खोली (इथं १२ सेंटीमीटर), x पाणी मूळ पातळीपासून किती हललं ते, g गुरुत्वाकर्षण. आतल्या पाण्याचं वस्तुमान ρAd, परत ओढणारं बळ ρgAx, A कटतो, पिरियड T = 2π√(d/g), म्हणजे ०.७० सेकंद. पण व्हिडिओत जास्त भरतं बघा की! कारण खालच्या कापलेल्या कडेजवळचं बाहेरचं पाणी पण सोबत हलतं. म्हणून d मध्ये त्रिज्येच्या ०.६१ पट मिळवा: त्रिज्या ५.५, म्हणून d झाला १५.४ आणि T ०.७९. खोल पाण्यात लाटेची लांबी १.५६T² मीटर, म्हणजे जवळजवळ एक मीटरची लाट ह्याला नाचवणार. जहाजाचा ड्राफ्ट (पाण्याखालची खोली) १० मीटर धरला तर नुसत्या d वरनंच ६.३ सेकंद येतात, आणि समुद्रात तसल्या लाटा रोजच्याच.

पिरियड सोपा, फसवते ती उंची. पोटेन्शियल थिअरी (पाण्याला चिकटपणा नाही असं धरणारं गणित, लाप्लासवालंच) फक्त लाटांवाटे बाहेर जाणारी एनर्जी मोजते, कापलेल्या कडेला भोवऱ्यात जिरणारी नाही, त्यामुळं रेझोनन्सला (दोन्ही पिरियड जुळले की) उंची भलतीच येते. म्हणून डॅम्पिंग (झोका किती झपाट्यानं विरतो त्याचा आकडा) व्हिडिओतनंच काढा: एक झोका ४ चा, त्याच बाजूचा पुढचा समजा २.५, तर ln(४/२.५) भागिले 2π, ०.०७५. प्रत्येक जोडीला वेगळं काढा हं, मोठ्या झोक्याला डॅम्पिंग जास्त येतंय, एकच आकडा सगळीकडं चिकटवू नका. आणि बाटली हौदाच्या मधोमध धरा, काठाला धरली की भिंतीवरनं परतलेली लाट सगळे आकडे नासवते.